मधला माणूस

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म' असं लिहिलंय, खाली पासपोर्ट फोटो, पॅन कार्ड, आणि जागा उरली म्हणून सगळ्यात शेवटी 'शालेय साहित्य मिळेल'. याच गाळ्यात आधी बाबांचा एसटीडी-पीसीओ होता. रात्री अकरानंतर दर उतरायचे, त्यामुळे रांग तेव्हाच लागायची. काचेचं दार लावूनही आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं, कारण गावाकडच्या लाइनवर ओरडल्याशिवाय पलीकडे काही कळायचंच नाही. आणि त्यातलं निम्मं ओरडणं एकाच गोष्टीचं: मनीऑर्डर पोचली का? शंभर रुपयांमागे पाच रुपये पोस्टाचं कमिशन, वर पोस्टमनचं चहापाणी. कोण गावी किती पाठवतो, कोणाचे पैसे दोन महिने गेले नाहीत, हे बाबांना न विचारता ठाऊक असायचं. पण त्यांनी कधी इकडचं तिकडे केलं नाही.

आता गावी पैसे पाठवायला कुणाला दुकानाची पायरी चढावी लागत नाही. यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ ला इथे मुंबईतच झाली, रघुराम राजन तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. ते चालवणारी एनपीसीआय ही संस्था बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात बसते, आमच्यापासून फार लांब नाही. तेव्हा २१ बँका होत्या आणि आमच्या गल्लीत कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, डिसेंबरच्या शेवटी यूपीआयचं भीम ॲप आलं, आणि मग एकेक जण फोन पुढे करायला लागला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूपीआयने एका महिन्यात २००० कोटी व्यवहारांचा आकडा ओलांडला. त्यात माझ्याकडचे दोन-दोन रुपयांचे झेरॉक्सही धरलेले असणार. सुट्ट्या पैशांऐवजी गोळी देण्याचा प्रकार बंद झाला, हे माझ्या दृष्टीने या क्रांतीचं सगळ्यात मोठं यश. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्कही पडत नाही. 'इतके रुपये प्राप्त झाले' म्हणणाऱ्या डब्याचं भाडं मात्र दर महिन्याला गुपचूप कापलं जातं.

तर सगळीकडे असं ऐकते की इंटरनेटने मधला माणूस काढून टाकला. एजंट नको, दलाल नको, साहेबाच्या टेबलासमोर उभं राहायला नको. या काउंटरवरून मला तसं दिसत नाही. मधला माणूस कुठेही गेलेला नाही. सध्या तो मी आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात हे मला नीट कळलं. लाडकी बहीण योजना आली. महिना १५०० रुपये, २१ ते ६५ वयाच्या बायकांना, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. जुलैभर फॉर्म, रेशनकार्डाची झेरॉक्स, हमीपत्र. मशीन तापून बंद पडायचं, मग अर्धा तास पंखा त्याच्याकडे वळवून बसायचं. पण खरी गर्दी झाली ऑगस्टात, पैसे जमा व्हायला लागल्यावर. शेजारणीला दोन महिन्यांचे मिळून तीन हजार आले, मला का नाही?

बँकेत विचारलं तर 'आधार लिंक आहे तुमचं' एवढंच उत्तर. ते खरंही असायचं आणि उपयोगाचंही नसायचं. हे पैसे आधार क्रमांकावर सोडले जातात. कोणत्या आधारला कोणती बँक, याची नोंद एनपीसीआयकडे असते आणि त्या नोंदीत एका आधारला एकच बँक बसते, सगळ्यात शेवटी जोडलेली. नुसतं केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधार दिलेलं असलं तर ते या नोंदीत येतंच असं नाही. आता आमच्याकडच्या बायकांची खाती कशी उघडलेली असतात? एक २०१४ मध्ये जनधनच्या कॅम्पात. एक कामावरच्या मॅडमनी पगारासाठी काढून दिलेलं. एक बचत गटाच्या नादात. आणि काहींचं तर सिमकार्ड घेताना अंगठा लावला तेव्हा न सांगता उघडलं गेलेलं. हे शेवटचं मी रचून सांगत नाही, २०१७ मध्ये असाच प्रकार देशभर गाजला होता, लोकांची गॅसची सबसिडी भलत्याच खात्यात जाऊन पडली होती.

पोळ्या लाटायला जाणाऱ्या एक मावशी तीनदा बँकेतून परत आल्या होत्या. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' नावाचं पान आहे, आधारला कोणती बँक जोडलीय ते दाखवणारं. नंबर टाकला, ओटीपी आला, आणि समोर जे बँकेचं नाव उमटलं ते वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "या बँकेत मी जन्मात पाय ठेवलेला नाही." जुन्या सिमच्या खोक्यात त्या खात्याचा काही कागदही नव्हता. दोन दिवस खटपट करून खातं चालू केलं तर त्यात तीन हजार तर होतेच, शिवाय गॅस सबसिडीची कित्येक वर्षं साठलेली रक्कम निघाली. मावशींनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, हे घरी कुणाला बोलायचं नाही हां." नाही बोलले. बाबांचा धंदाच मी पुढे चालवतेय, फक्त काचेचं दार राहिलं नाही.

दुकानात एक कागद चिकटवलाय: 'पिन व ओटीपी कोणालाही सांगू नये.' लोक तो मोठ्याने वाचतात आणि वाचून झाल्यावर मला पिन सांगतात. "चार सात..." म्हटलं की मी हात वर करते. माझ्याकडे पाठ करून स्वतः दाबा म्हटलं तर काहींना राग येतो, तुझ्यावर विश्वास नाही असं कुठे म्हणतोय आम्ही! त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. बँकेने विश्वास ठेवायला समोर माणूस ठेवला नाही, मग ते जो समोर आहे त्याच्यावर ठेवतात.

ही रिकामी जागा किती धोक्याची आहे ते एका दुपारी पाहिलं. दुपारी दुकान शांत असतं. मागच्या बिल्डिंगमधले एक काका आले, महापालिकेतून रिटायर झालेले, बोलघेवडे, पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावणारे. त्या दिवशी एक शब्द नाही. एफडीच्या पावत्या काउंटरवर ठेवल्या. किती कॉपी विचारलं तर दोन बोटं दाखवली. फोन शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेर येईल असा उभा. मी म्हटलं, काका, तब्येत बरी आहे ना? तर खिशातून दरडावणारा आवाज आला, "किससे बात हो रही है?"

डिजिटल अरेस्टबद्दल वाचलेलं होतं. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुमच्या आधारवर काळा पैसा फिरलाय, व्हिडिओ कॉल बंद केलात तर अटक. कायद्यात अशी अटकच नाही, कुठलेही पोलीस कॉलवर कुणाला डांबून ठेवत नाहीत. पण हे सगळं मी बोलणार कसं, तिकडून ऐकणारा बसलेला. बिघडलेल्या एका झेरॉक्सच्या पाठीवर मार्करने लिहिलं, 'हे पोलीस नाहीत', आणि पावतीखाली सरकवलं. काकांनी वाचलं, मान हलवली, नाही. हात थरथरत होते. ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं.

मग मी मेन स्विच खाली केला आणि जोरात म्हटलं, "गेली लाइट! काका, मशीन बंद. अर्ध्या तासाने या." ते तसेच मुकाट घरी गेले. मी शेजारच्या वडापाववाल्याच्या पोराला मागच्या दाराने त्यांच्या सुनेकडे पिटाळलं. तिने जाऊन खिशातला फोन काढून घेतला आणि बंदच केला. त्या दिवशी सकाळीच एक रक्कम गेलेली होती. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, तक्रार लिहून घेतली, त्यातले काही पैसे पुढच्या खात्यात अडवता आले, बाकीचे गेले. एफडी वाचल्या.

काका त्यानंतर माझ्या दुकानात येत नाहीत. समोरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जातात. पैसे गेल्यापेक्षा त्या अवस्थेत कुणीतरी आपल्याला बघितलं, हे त्यांना जास्त लागलं असावं. आयुष्यभर टेबलापलीकडे बसून दुसऱ्यांचे कागद तपासलेला माणूस. लोक म्हणतात, शिकलेसवरलेले कसे फसतात? मला ते फारसं कोडं वाटत नाही. काही घडलं तर जाऊन विचारायचं कुणाला, याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याला फोनवरचा खाकी कपड्यातला माणूस निदान आपल्याशी बोलत तरी असतो.

तरुण पोरांची गोष्ट वेगळी, ती मला काही विचारत नाहीत. फक्त बँक स्टेटमेंटच्या पीडीएफचा पासवर्ड काढून मागतात. सहा महिन्यांचं स्टेटमेंट कशाला, तर शेअर ब्रोकरच्या ॲपवर ऑप्शन्स, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरचे सौदे, चालू करायला उत्पन्नाचा पुरावा लागतो. त्यांच्या आजोबांच्या कपाटातले कागदी शेअर्स घेऊन त्यांच्या आया त्याच आठवड्यात येतात, सही जुळत नाही, नाव लग्नाआधीचं, १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर ट्रान्स्फरच होत नाहीत, आधी डीमॅट करा, म्हणजे कागदाऐवजी ऑनलाइन खात्यात घ्या. आजोबांना एक शेअर विकायला महिना लागायचा, नातवाला सेकंद पुरतो. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये अहवाल काढला की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर शंभरातल्या ९३ जणांनी तीन वर्षांत पैसे घालवले, सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. एका पोराला हे छापून दिलं. फुकट. त्याने घडी घालून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलं आणि म्हणाला, उरलेल्या सात जणांत यायचंय, ताई.

बँकेवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणाने. नाव घेत नाही, पण आमच्या भागातल्या एका शाखेत पूर्वी चौकशीची खिडकी होती. आता तिथे पासबुक छापायचं मशीन आहे आणि बऱ्याचदा 'बंद आहे' असा कागद. काउंटरवरची मुलगी सगळ्यांना सांगते, ॲपवर करा, नाहीतर बाहेर झेरॉक्सवाल्या ताईंकडून करून आणा. बँकेचं काम, बँकेचं गिऱ्हाईक, आणि वीस रुपये घेणार मी. माझी कमाई होते, तक्रार कशाला करू? करते, कारण मला कुणी शिकवलेलं नाही, कुणी तपासत नाही, आणि उद्या माझ्या जागी एखादा लबाड बसला तर त्या मावशींचा अंगठा, आधार आणि ओटीपी तिन्ही त्याच्या हातात.

आणि ओटीपी तरी कुणाच्या हातात असतो? २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणीचं ई-केवायसी निघालं. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. नवरा नाही, वडील नाहीत, असल्या बायका त्या पानावर येऊन अडकल्या. पुढे मुदत वाढवावी लागली. पण आमच्याकडे पहिल्याच पायरीला गाडी थांबायची. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा. तो अंधेरीला कामावर. बाई दुकानातून फोन करते, तो उचलत नाही. उचलला तर "कशाला पाहिजे?" ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पाठवा. तिसऱ्या वेळी तो चिडतो. हे सगळं माझ्यासमोर, माझ्या स्पीकरवर. स्वतःच्या दीड हजारांसाठी बाई नवऱ्याला सहा आकडे विचारतेय आणि मागे रांगेतले लोक ऐकतायत.

त्या वेळेपासून एक नवंच काम निघालं. बायका विचारतात, आधारला माझा नंबर लावायचा तर काय करायचं? मी आधार केंद्राचा पत्ता देते, तिथे स्वतः जाऊन ते काम होतं. त्याच्याही आधी सिम लागतं, स्वतःच्या नावावर. आमच्या बाजूच्या मोबाइल दुकानदाराला मी सांगून ठेवलंय की बायकांना बटणवाला स्वस्तातला फोन दाखव, उगाच ईएमआयवर मोठा गळ्यात मारू नको. ओटीपी त्यावरही येतो.

परवा त्या पोळ्यावाल्या मावशी नवं सिम घेऊन आल्या. नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला, लॅमिनेट करून मागितला, पर्समध्ये ठेवायला. मी विचारलं, घरच्यांसाठी अजून एक कॉपी काढू?

"नको," त्या म्हणाल्या, "एकच बास."