अक्रोडाची इंग्लिश खुर्ची घेताना आधी गादी काढा

गोव्यातल्या जुन्या घरांत शिसवी आणि सागवानी खुर्च्या पुष्कळ. अक्रोडाची इंग्लिश खुर्ची क्वचित विकायला येते, आणि आली की ‘राणी ॲनच्या काळातली’ म्हणूनच येते. इंग्लंडच्या या राणीची कारकीर्द १७०२ ते १७१४. गुडघ्याशी भरदार, घोट्याशी बारीक होणारे वळणदार पाय आणि पाठीला फुलदाणीच्या आकाराची उभी फळी, ही घडण तिच्यानंतरही चालत राहिली. एकोणिसाव्या शतकाअखेरीस या घडणीच्या नकलाही भरपूर झाल्या. १७०९ च्या हिवाळ्यात युरोपातली अक्रोडाची झाडं मोठ्या प्रमाणावर मेली, १७२१ मध्ये ब्रिटनने अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि अक्रोडाच्या जागी महोगनीचं लाकूड पुढे आलं. घडण मात्र टिकली, तेव्हा नुसत्या आकारावर विसंबू नका.

खरी परीक्षा खुर्चीच्या हातांची, म्हणजे हात टेकायच्या दांड्यांची. संचात हातांच्या खुर्च्या एक-दोनच असत, म्हणून त्यांना भाव जास्त. साहजिकच बिनहातांच्या खुर्चीला मागाहून हात बसवले जातात. अस्सल हातांच्या खुर्चीची बैठक मुळातच रुंद, पुढच्या बाजूला साधारण दोन इंचांनी. संचातली दुसरी खुर्ची असेल तर टेप लावून बघाच. मग गादी उचला. हाताचा खांब बाजूच्या पट्टीला जिथे स्क्रूने धरलाय, तिथलं लाकूड बाकीच्या पट्टीइतकंच जुनाट दिसायला हवं. खाच ताजी, उजळ असेल तर हात नंतरचे.

किडीची भोकंही बोलतात. किडा आतून पोखरतो आणि गोल भोक पाडून बाहेर पडतो. पृष्ठभागावर लांबट उघडी नळी दिसली, तर पोखरलेलं जुनं लाकूड पुन्हा कापून वापरलंय. भोकाखाली ताजा भुसा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. ती खुर्ची औषध केल्याशिवाय घरात घेऊ नका.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा पहिला फटका सांध्यांना. जुने जोड जनावरांच्या सरसाचे, दमटपणात ते सैल पडतात आणि व्हेनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, कडेला उचलतं. मेस्ताला, म्हणजे सुताराला, फेव्हिकॉल वापरू देऊ नका: तो नंतर सुटत नाही आणि पुढच्या दुरुस्तीत लाकूडच फाटतं. गरम सरसच लावायला सांगा. खुर्ची भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि खिडकीतलं ऊन टाळा, कारण उन्हाने अक्रोड फिकट पडतो.