सत्तावन्न किलोची रात्र

वजन सकाळी साडेसातला होतं. रात्री एक वाजून गेल्यावर आमच्या तालमीतल्या सगळ्यांत लहान पोरानं, चौदा वर्षांचा असेल, मला हलवून उठवलं. "वस्ताद, दादा बाथरूममधनं भायर येईना. आतनं बोलतोय, पर काय बोलतोय ते कळंना."

कुस्तीच्या निवड चाचणीसाठी परगावी आलो होतो. एका मंगल कार्यालयात अकरा पैलवान उतरले होते. दादा म्हणजे आमचा १८ वर्षांचा पठ्ठा, ५७ किलो गटाचा. दार ढकललं तर आत वाफच वाफ. गिझरचा नळ पूर्ण सोडलेला, बादली वाहतेय, खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबलेला. पोरगा भिंतीला टेकून बसला होता. अंगावर रेनकोट, त्यावर दोन जाड स्वेटशर्ट, डोक्याला कानटोपी. शेजारी पाण्याची रिकामी बाटली होती, तिच्यात दोन बोटं थुंकी साठलेली. लवंग चघळून तोंडाला पाणी सुटलं की ते बाटलीत थुंकायचं, तेवढेच पन्नास-शंभर ग्रॅम.

मी स्वेटशर्टाची चेन ओढली आणि हात आत घातला. अंग तापलेलं आणि कोरडं. एवढ्या वाफेत बसलेल्या माणसाच्या पाठीला घाम नाही, हे लक्षात आलं तिथंच माझी झोप उडाली. काळ्या कापडावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, म्हणजे घाम आधी भरपूर येऊन गेला होता आणि आता थांबला होता. उजव्या पोटरीत गोळा आलेला. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती वर तशीच उभी राहत होती. प्रश्न विचारला की उत्तर यायला दोन-तीन क्षण लागत होते. उत्तर मात्र एकच होतं: "वस्ताद, एकच किलो ऱ्हायलंय. सकाळपतोर हुतंय."

रेनकोट कात्रीनं कापला, कारण अंगाला चिकटलेला रेनकोट डोक्यावरून ओढण्यात वेळ जातो आणि चक्कर आलेल्या माणसाला उभं करावं लागतं. दोघांनी उचलून त्याला ओसरीत आणला, फरशीवर उताणा झोपवला, पायांखाली दोन उशा दिल्या. पंचे साध्या पाण्यात बुडवून मानेवर, काखांत आणि जांघांत ठेवले आणि वारा घातला. हे तीन भाग एवढ्यासाठी की तिथं मोठ्या रक्तवाहिन्या कातडीजवळ असतात. मनगटावर घड्याळ लावून नाडी मोजली. दहा मिनिटं पडून राहिल्यावरही ती मिनिटाला १३२ होती. या पोराची सकाळची नाडी ५६ असते.

एका पोरानं मदत म्हणून ओआरएसचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून आणलं. ही चूक घरोघरी होते. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. पेलाभर पाण्यात ते इतकं खारट होतं की उलटी होते, आणि आतड्यात गेलंच तर शरीरातलं पाणी उलट आत ओढून घेतं. ते ओतून दिलं, लिटरच्या बाटलीत दुसरं पाकीट कालवलं आणि दर मिनिटाला दोन-दोन चमचे सुरू केले. तिसऱ्या मिनिटाला ओकला. पाणी पोटात टिकत नाही आणि बोलणं अडखळतंय, म्हटल्यावर पुढं घरगुती उपाय करत बसायचं नाही. कार्यालयाच्या मालकाची जीप काढली.

दवाखान्यात पोचेपर्यंत त्याच्याकडून आकडे काढून घेतले. पाच दिवस भाकरी बंद, मीठ बंद, तीन दिवस पाणी अर्ध्यावर. आदल्या दुपारपासून घोटही नाही. संध्याकाळी स्पर्धेच्या काट्यावर ६०.३ भरलं. मध्यरात्री ५८.१. पाच दिवसांपूर्वीचं त्याचं खरं वजन बासष्टच्या पुढं होतं, म्हणजे अंगाचा जवळपास सात टक्के भाग गेला होता आणि त्यात चरबी नावालाच. बाकी सगळं पाणी, आतड्यातला मळ आणि स्नायूंतला साखरेचा साठा. हा साठा एक ग्रॅम गेला की त्याच्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी जातं. म्हणून पहिले दोन किलो सहज उतरतात आणि पोरांना वाटतं, उरलेलेही तसेच उतरतील. पुढचं पाणी रक्तातून येतं. रक्त आटलं की कातडीकडं पाठवायला काही उरत नाही, घाम थांबतो, आणि घाम थांबला की ताप आतच कोंडतो.

डॉक्टरांनी सलाइन लावलं. पोरगा तेवढ्यातही हात मागं घेत होता, "डोपिंगमध्ये अडकंन" म्हणून. भीती अगदीच खोटी नाही. बारा तासांत १०० मिलिलिटरच्या वर शिरेतून काही घेणं खेळाडूला निषिद्ध आहे. पण रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराला त्यातून सूट असते, फक्त कागद नीट जपून ठेवायचे. लघवी जास्त व्हावी म्हणून कुणी गोळी दिली होती का, हे मी त्याला तीनदा विचारलं. फ्युरोसेमाइडसारख्या गोळ्या बंदी यादीत आहेत, आणि आटलेल्या शरीरात त्या पोटॅशियम उतरवतात, हृदयाचा ठोका बिघडवतात. नाही म्हणाला. सकाळी सहाला पहिली लघवी झाली, गर्द पिवळी. ती कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी काळपट असती तर स्नायू फुटून मूत्रपिंडात अडकल्याची खूण होती. तसं नव्हतं. मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं आलं, दुसऱ्या दिवशी उतरलं.

साडेसात वाजून गेले. ५७ च्या यादीत त्याच्या नावापुढं गैरहजर लागलं.

नऊच्या सुमारास तो नीट बोलायला लागला, तेव्हा म्हणाला, "अमननं तर एका रात्रीत साडेचार किलो काढलं हुतं की." पॅरिस ऑलिम्पिकला ऑगस्ट २०२४ मध्ये अमन सेहरावतनं उपांत्य लढतीनंतर दहा तासांत ४.६ किलो उतरवलं, ६१.५ वरून ५६.९, आणि ५७ किलोतच कांस्य घेतलं. त्याच्या दोनच दिवस आधी विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅमनं बाद झाली होती. ही दोन्ही उदाहरणं आज तालमीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. पण त्यातलं एक कुणी सांगत नाही. अमननं त्या दिवशी सकाळी वजन दिलेलंच होतं. वर चढलं होतं ते दिवसभरात पुन्हा घेतलेलं पाणी आणि अन्न. ते ताजं असतं, निघतं. सोबत दोन अनुभवी प्रशिक्षक रात्रभर जागे, काटा शेजारी. आमचा पोरगा पाच दिवस आटलेला आणि दार लावून एकटा. त्याच्याकडून काढायला काही उरलंच नव्हतं.

आमच्या जुन्या वस्तादांचा सल्लाही इथं घात करतो. पूर्वी वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं. वजन दिलं की पैलवान रात्रभर खाऊन-पिऊन भरून निघायचा आणि दुसऱ्या दिवशी लढायचा. कुस्तीच्या जागतिक संघटनेनं २०१८ पासून वजन लढतीच्याच सकाळी ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशीही लढत असेल तर पुन्हा वजन. आता काट्यावरून उतरल्यावर हातात दोनेक तास असतात. आतडं तासाला लिटरभराच्या वर फारसं घेत नाही. चार किलो गेले असतील तर पाच-सहा लिटर भरावे लागतात. हिशेब बसतच नाही. वेळापत्रक बदललं, तालमीतली रीत तीच राहिली, आणि त्याची किंमत पोरं मोजतात. याचा मला मनापासून राग आहे, आणि त्यात मी स्वतःला वगळत नाही.

खरी गफलत मात्र परत आल्यावर सापडली. निघताना तालमीच्या काट्यावर त्याचं वजन ५८.६ होतं. वाटेत फक्त दोन इडल्या खाल्ल्या, तरी स्पर्धेच्या काट्यावर ६०.३. तालमीतला काटा ठेवला होता गादीच्या कापलेल्या तुकड्यावर, पावलांना गार लागू नये म्हणून. मऊ पृष्ठभागात काट्याचे चार पाय रुततात, तळ गादीला टेकतो, आणि काही भार पायांतल्या सेन्सरऐवजी तळातून खाली जातो. वजन जितकं जास्त तितका टेका जास्त. वाण्याकडून शिक्का मारलेली २० किलोची दोन वजनं आणली. एक ठेवलं तर १९.६, दोन ठेवली तर ३९.०. गादी काढून काटा सपाट शहाबादीवर ठेवला: २०.० आणि ४०.०. म्हणजे पोरगा दीड किलो उतरवायचा हिशेब धरून निघाला होता आणि प्रत्यक्षात सव्वातीन बाकी होते. व्यायामाच्या लोखंडी प्लेटा या तपासणीला घेऊ नयेत. त्यांवर २० लिहिलेलं असतं, भरतात कधी साडेएकोणीस.

तो ६१ ला का गेला नाही, हा प्रश्न कुणीही विचारील. संध्याकाळी तो ६०.३ होता, जेवला असता तरी सकाळी ६१ च्या आत बसला असता. रात्री झोपेत श्वासातून आणि लघवीतून त्याचं पाचशे ग्रॅम तरी जातं. पण नाव ५७ ला दिलेलं, ६१ ला आमचाच दुसरा पैलवान, आणि घरी सगळ्यांच्या डोक्यात एकच, की ६१ ऑलिम्पिकमध्ये नाही. वडील दवाखान्यात आले तेव्हा तेच म्हणाले. मी त्यांना दोनच माणसं सांगितली. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलोच्या गटात सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ च्या गटात कांस्य घेऊन आले. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ ला सुवर्ण घेतलं आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ ला कांस्य. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खुराक वाढवू का मंग?"

खुराक तर वाढवायचाच होता, पण गट वर नेणं म्हणजे नुसतं खाणं नव्हे. ५७ ला त्याचा एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव, हुकमी होता, कारण तो चपळ होता आणि समोरचा वर लोळला तरी भार पेलायचा. ६१ चा गडी वर लोळला की मान दबते आणि पट हातातच राहतो. म्हणून पहिले दोन महिने मानेचं काम, दोरावर चढणं, आणि पट पकडल्याबरोबर बाजूला फिरून संपवायचा सराव, सरळ आत घुसायचं नाही. वजन वाढवायचं तेही महिन्याला किलोच्या आसपास. थंडाई आणि तूप ओतून तीन आठवड्यांत चार किलो चढवले तर ते पोटावर बसतात आणि पुन्हा उतरवायची वेळ येते.

आता दर रविवारी सकाळी सहाला, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी प्यायच्या आधी, लंगोटावर वजन होतं. वहीत रात्रीचं वजनही लिहितो, म्हणजे ज्याचा त्याचा झोपेतला फरक कळतो. स्पर्धेला आठ आठवडे राहिले की गट ठरतो. त्या दिवशी जो गटापेक्षा तीन टक्क्यांहून वर असेल, त्याचं नाव वरच्या गटात जातं, त्याच्या घरून कुणाचाही फोन आला तरी. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त कुणी उतरवायचं नाही. शेवटच्या दोन दिवसांत भाकरी-पालेभाजीऐवजी भात आणि अंडी देतो, त्यानं आतड्यातला मळ कमी होऊन पाचेकशे ग्रॅम आपोआप जातात. पाणी तोडायचं नाही. रेनकोट तालमीत आणायचा नाही.

काट्याची जबाबदारी त्या चौदा वर्षांच्या पोराकडं आहे, ज्यानं मला उठवलं होतं. तो शहाबादीवर ओल्या फडक्यानं जागा पुसतो, काट्याचे चारही पाय टेकलेत का ते बोटानं हलवून पाहतो, २० किलोचं वजन दोन्ही हातांनी उचलून मधोमध ठेवतो. आकडा स्थिर होईपर्यंत तो कुणाला काट्याजवळ येऊ देत नाही. गेल्या रविवारी १९.९ आला तर त्यानं रांग थांबवली, एका पायाखाली अडकलेला मातीचा खडा काढला आणि वजन पुन्हा ठेवलं.