तुम्ही विचारलंत म्हणून: गॅस बंद करूनच का मोजायचं?

“गुणधर्म चालू बेडचे हवेत, मग गॅस तोडून पावडर बसताना काय बघता? आणि दोन ठिकाणचे आकडे जुळत का नाहीत?” पुन्हा पुन्हा तोंडी सांगण्यापेक्षा लिहूनच देतो. बेड म्हणजे नळीतला पावडरीचा थर; खालून गॅस सोडून तो द्रवासारखा खेळता ठेवला की चालू बेड.

चालू बेड फुगतो तो दोन कारणांनी: बुडबुडे, आणि दाण्यांमधल्या फटींतला गॅस. पट्टी लावून एकच उंची मिळते, वाटणी कळत नाही. पुरवठा झटक्यात तोडला की बुडबुडे आधी निघून जातात, मग उरलेला घन भाग (म्हणजे बुडबुड्यांबाहेरचे दाणे आणि त्यांच्या फटींतला गॅस) एकसारख्या वेगाने बसतो, शेवटी मंदावतो. उंची आणि वेळेच्या आलेखातली मधली सरळ रेषा मागे शून्य सेकंदापर्यंत ओढा: ती बुडबुड्यांविना उंची. रेषेचा उतार म्हणजे घन भागातल्या गॅसचा वेग.

10 सेंमी व्यासाच्या नळीत 2 किलो एफसीसी कॅटॅलिस्ट (तेल शुद्धीकरणात जड तेल तोडायला वापरतात ती बारीक पावडर), दाण्याची घनता 1400 किलो प्रति घनमीटर धरा. चालू उंची 46 सेंमी, रेषेवरून 40, बसल्यावर 36. निव्वळ दाण्यांची उंची 18.2 सेंमी, म्हणजे घन भागात पोकळी 0.545. इथे घनता दाण्याच्या आतल्या छिद्रांसकट घ्यायची. हेलियम त्या छिद्रांतही शिरतो; त्याने मोजलेली 2500 च्या आसपासची घनता घातलीत तर 0.745 येईल, आणि दोष मात्र चाचणीला मिळेल.

आकडे जुळत नाहीत त्याचं खरं ठिकाण डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे बेडखालच्या गॅस पसरवणाऱ्या सच्छिद्र तळाच्या, खाली आहे. व्हॉल्व्ह बंद झाला तरी विंडबॉक्समध्ये, म्हणजे त्या तळाखालच्या गॅसच्या पेटीत, दाबलेला गॅस उरतोच. वरच्या बेडचा दाब 2.5 किलोपास्कल, डिस्ट्रिब्युटरचा तेवढाच. विंडबॉक्स 5 लिटरचा असेल तर सुमारे 250 घन सेंमी जादा गॅस वर यायचा बाकी असतो. घन भाग 40 वरून 36 वर येताना स्वतः सोडतो तो फक्त 314! त्या 250 पैकी साधारण अर्धा सुरुवातीलाच बुडबुड्यांच्या टप्प्यात घुसतो, उरलेला बेड बसेल तसा झिरपतो. उतार कमी दिसतो, बसायचा वेळ लांबतो, आणि अहवालात लिहिलं जातं की पावडर हवा छान धरून ठेवते.

यावर मी पूर्वी ठासून सांगायचो: दुसरा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) बसवा, पुरवठा तुटताक्षणी विंडबॉक्स बाहेर मोकळा करा. आज तेवढ्या जोरात सांगणार नाही. तसं केलं की बेडमधला गॅस खालूनही निसटतो, पावडर वाजवीपेक्षा लवकर बसते, आणि खाली गेलेला प्रवाह वजा केल्याशिवाय उताराला काही अर्थ उरत नाही. विंडबॉक्स 1 लिटरचा केला तर जादा गॅस 50 घन सेंमीवर येतो. मला हे जास्त पटतं. पण जुन्या यंत्राला ते जमत नाही, आणि दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात ठेवणारे आहेतच.

बाकी काळजी साधीच. व्हॉल्व्हच्या तारेवरच एक एलईडी जोडून कॅमेऱ्याच्या चौकटीत ठेवा, म्हणजे शून्य सेकंद कोणता यावर वाद नको. अगदी कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे पावडर काचेला चिकटते आणि पृष्ठभाग दिसेनासा होतो. हवा थोडी दमट करून घ्या. 45 मायक्रॉनखालची भुकटी उडून गेली असेल तर तीच पावडर लवकर बसेल, म्हणून चाचणीनंतर चाळणी लावा.

आणि जेल्डार्टच्या 1973 च्या पावडरींच्या वर्गीकरणातला ग्रुप बी, म्हणजे साधी वाळू, घेऊन येऊ नका. तिथे बुडबुडे गेले की बेड बसलेलाच असतो; मागे ओढायला रेषाच नाही.