सातव्या मार्गिकेचा रंग

एका काल्पनिक शहराची मेट्रो आखण्याचा उद्योग मी गेली काही वर्षे फावल्या वेळात करीत आलो आहे. त्या शहराला नदी आहे, टेकडी आहे, नाव मात्र नाही, आणि बारा रंगीत पेन्सिलींची पेटी व पाठकोरे कागद यांच्यापलीकडे त्याला अस्तित्वही नाही. बोगदे खणणे, पूल बांधणे, जमिनी ताब्यात घेणे ही कामे कागदावर अर्ध्या तासात उरकतात. खरा घोळ सुरू होतो तो मार्गिकांना रंग आणि नावे देण्याच्या वेळी. या कामाच्या समितीचा अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सदस्य मीच असूनही समितीत आजवर एकमत झालेले नाही.

पहिल्या तीन मार्गिका विनासायास रंगतात: लाल, निळी, हिरवी. चौथीला पिवळा द्यावा तर पांढऱ्या कागदावर तो दिसेनासा होतो. नारंगी लालाच्या शेजारी बसतो, गुलाबीही लालाच्याच आप्तांपैकी, आणि काळी रेघ ओढावी तर ती नकाशाच्या चौकटीचाच भाग वाटते. पेटीवर बारा आकडा छापलेला असला तरी परस्परांत गल्लत होणार नाही असे रंग सहा-सातच भरतात. ब्रेंट बर्लिन आणि पॉल के या अभ्यासकांनी १९६९ साली अनेक भाषांमधले रंगवाचक शब्द तपासून मूलभूत रंगनामांची यादी मांडली. तिच्यात अवघे अकरा रंग आहेत, आणि त्या अकरांत पांढरा, काळा व करडाही धरलेले आहेत. म्हणजे शहराची बारावी मार्गिका तयार झाली की भाषेची थैली रिकामी होते आणि ‘फिकट’, ‘गडद’ अशी विशेषणे उसनी आणावी लागतात. रशियन भाषा याबाबतीत नशीबवान म्हणायची, कारण गडद निळ्यासाठी आणि फिकट निळ्यासाठी तिच्यात दोन स्वतंत्र, रोजच्या वापरातले शब्द आहेत; मॉस्कोच्या नकाशावर तिसरी मार्गिका निळी आणि चौथी फिकट निळी आहे, आणि तिथल्या माणसाला ते दोन वेगळेच रंग वाटत असणार.

मराठीतही रंगांची ददात नाही. मोरपंखी, अबोली, डाळिंबी, पोपटी, शेवाळी, आमसुली अशी नावे हाताशी असताना मेट्रोच्या मार्गिकेला ‘ॲक्वा’ का म्हणावे, असा प्रश्न मला पूर्वी फार छळत असे, आणि माझ्या कागदी शहरात मी एक शेवाळी व एक आमसुली मार्गिका सुरूही करून पाहिली. पण मार्गिकेचा रंग नुसता दिसून भागत नाही, तो फोनवरून सांगता यावा लागतो. ‘आमसुली गाडी पकड’ असे सांगितल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात जो रंग उभा राहील तोच स्थानकाच्या पाटीवर असेल याची हमी कोण देणार? कापड निवडताना ज्या बारकाव्याचे कौतुक वाटते तोच बारकावा घाईत असलेल्या प्रवाशाच्या मुळावर येतो. आमसुली मार्गिका मी जड अंतःकरणाने बंद केली.

शेवाळी मार्गिका बंद पडली ती एका मित्रामुळे. नकाशा त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने लाल आणि शेवाळी या दोन्ही रेघांवरून एकच बोट फिरवले आणि ही मार्गिका मध्येच फुटून दोन बाजूंना का जाते, असे विचारले. लाल आणि हिरवा यांतला भेद त्याला नीट कळत नाही हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ जणांमागे एकाची दृष्टी अशी असते. स्त्रियांत हे प्रमाण पुष्कळच कमी आहे. तेव्हापासून मी रंगासोबत एखादे अक्षर किंवा आकडाही देऊ लागलो. टोकियोत हे फार नीट केलेले आहे: तिथल्या प्रत्येक भुयारी मार्गिकेला रंगीत वर्तुळ आणि त्यात एक रोमन अक्षर आहे, आणि २००४ पासून स्थानकांनाही क्रमांक आहेत. तिथेही अक्षरांची ओढाताण चुकली नाहीच. हिबिया मार्गिकेने ‘एच’ आधीच पटकावल्यामुळे हानझोमोन मार्गिकेला स्वतःच्या नावाच्या पोटातले ‘झेड’ घेऊन समाधान मानावे लागले.

आकडे त्या मानाने निरुपद्रवी वाटतात. पॅरिसची मेट्रो शंभर वर्षांहून अधिक काळ आकड्यांवरच चालली आहे. परंतु आकडा क्रमाने येतो आणि काम क्रमाने होत नाही. बीजिंगमध्ये दहाच्या पुढचे कितीतरी आकडे धावू लागले तरी तिसरी मार्गिका नव्हती; ती सुरू झाली डिसेंबर २०२४ मध्ये. व्हिएन्नात यू४ नंतर थेट यू६ आली आणि यू५ची जागा काही दशके रिकामीच राहिली. त्या न खणलेल्या यू५साठी २०१४ साली लोकांकडून रंगाचा कौल घेतला गेला. पर्याय दोनच होते, फिरोजी आणि गुलाबी, आणि फिरोजी जिंकला. बोगद्याच्या आधी बोगद्याचा रंग ठरवणारे ते शहर मला माझ्याच जातकुळीचे वाटते.

रंगाला अर्थ असावा की नसावा, या मुद्द्यावर माझ्या एकसदस्य समितीत सर्वाधिक वाद झाले आहेत. बॉस्टनमध्ये १९६५ च्या सुमारास मार्गिकांना रंग दिले गेले तेव्हा लाल मार्गिका हार्वर्डपाशी संपत होती आणि त्या विद्यापीठाचा रंग किरमिजी, म्हणून ती लाल. निळी बंदराच्या पाण्याखालून जाते म्हणून निळी. हिरवी ज्या उद्यानमालेच्या बाजूने जाते तिला पाचूचा हार म्हणतात म्हणून हिरवी. इतके सगळे अर्थपूर्ण झाल्यावर नारंगीची पाळी आली. मार्गावरच्या एका रस्त्याचे जुने नाव ऑरेंज होते असे एक कारण सांगतात, पण रंग ठरवणाऱ्या पीटर चर्मायेफ यांच्या सांगण्यानुसार आधी पिवळा करून पाहिला, तो नीट दिसेना, म्हणून नारंगी आला. याहून खोल असे काही त्यात नव्हते. पुढे लाल मार्गिका हार्वर्डच्या पलीकडेही गेली. आज तिथे लाल आणि नारंगी सारख्याच उपयोगी आहेत, आणि एकीला कारण होते व दुसरीला नव्हते याने गाडी पकडणाऱ्याचे काही अडत नाही.

नावांचेही असेच होते, हे मला लंडनकडे पाहून पटत गेले. तिथली नॉर्दर्न मार्गिका जाळ्यातल्या सर्वांत दक्षिणेकडच्या स्थानकापर्यंत जाते. सर्कल मार्गिका २००९ पासून पूर्ण वर्तुळ उरलेली नाही, तिला शेपूट फुटले आहे. ज्युबिलीचे आधी ठरलेले नाव फ्लीट होते. राणीच्या राज्यारोहणाला २५ वर्षे झाली म्हणून १९७७ मध्ये ते बदलले, १९७९ मध्ये मार्गिका सुरू झाली, आणि पुढे तिचा विस्तार निराळ्याच वाटेने झाल्यामुळे ती फ्लीट स्ट्रीटपर्यंत कधी पोहोचलीच नाही. म्हणजे राजनिष्ठेपोटी केलेल्या बदलाने एक चुकीचे नाव टळले. मुंबईतल्या हार्बर मार्गाचेही तेच. बंदराच्या बाजूने जातो म्हणून त्याला ते नाव मिळाले, पण पनवेलच्या गाडीत उभ्या असलेल्या माणसाच्या मनात ‘हार्बर’ म्हणताना गोदी, गलबते किंवा समुद्र येत असेल असे मला वाटत नाही. शब्दाचा अर्थ झिजून गेला आहे आणि झिजलेल्या पायरीसारखा तो आता पायाला बरोबर बसतो.

या दृष्टीने २०२४ मधले लंडनचे नामकरण मी उत्सुकतेने वाचले. ओव्हरग्राउंड या तिथल्या उपनगरी रेल्वेच्या सहा मार्गिका तोवर नकाशावर एकाच नारंगी रंगात गुंतलेल्या होत्या. त्यांना लायोनेस, माइल्डमे, विंडरश, वीव्हर, सफ्रजेट आणि लिबर्टी अशी नावे मिळाली. महिला फुटबॉल संघ, एड्सच्या रुग्णांची सेवा केलेले रुग्णालय, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांचे जहाज, कापडाचा धंदा, स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा, असे भरगच्च अर्थ प्रत्येक नावात आहेत. सफ्रजेटला हिरवा रंग आहे. मताधिकाराच्या चळवळीचे रंग जांभळा, पांढरा आणि हिरवा. पैकी जांभळा एलिझाबेथ मार्गिकेला आधीच गेलेला, पांढऱ्या कागदावर पांढरी रेघ ओढता येत नाही, उरला हिरवा, असा हिशेब मी आपला माझ्यापुरता मांडतो. कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या नावांविषयी माझी तक्रार नाही. फक्त ‘सफ्रजेट दहा मिनिटे उशिरा आहे’ हे वाक्य रोज बोलले जाऊ लागले की स्मरण किती दिवस टिकते आणि नुसती गाडी केव्हा उरते, हे पाहण्यासारखे आहे.

माझे सर्वांत आवडते नाव मात्र कुठल्याही समितीने दिलेले नाही. १९०६ साली सुरू झालेल्या ‘बेकर स्ट्रीट अँड वॉटर्लू रेल्वे’ या लांबलचक प्रकरणाचा एका वृत्तपत्राच्या स्तंभलेखकाने ‘बेकरलू’ करून टाकला. रेल्वेविषयक एका मासिकाने या गावंढळपणाबद्दल नाक मुरडले, पण कंपनीने त्याच वर्षी ते नाव स्वीकारले. पुढे १९५० च्या दशकात व्हिक्टोरिया मार्गिकेसाठी ‘वॉलविक’ आणि ‘वायकिंग’ अशी स्थानकांच्या नावांचे तुकडे जोडून केलेली नावे सुचवली गेली, ती टिकली नाहीत. बेकरलू लोकांच्या तोंडून आला आणि वॉलविक कागदावरून, एवढा एकच फरक मला त्यांत दिसतो.

माझ्या शहरात सध्या सहा मार्गिका रंगीत आहेत. सातवी नदीपलीकडून टेकडीला वळसा घालून जाते आणि तिच्यासाठी रंग उरलेला नाही, म्हणून ती मी साध्या शिसपेन्सिलीने आखून ठेवली आहे. वर्तुळात ७ हा आकडा तेवढा घातला आहे. परवा तोच मित्र नकाशा पाहायला आला. नदीपलीकडच्या एका स्थानकावर बोट ठेवून त्याने विचारले, “इथे जायचे तर पेन्सिलनेच जावे लागणार ना?” मी हो म्हणालो. तो निघून गेल्यावर खोडरबर हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो, आणि मग त्या रेघेच्या टोकाला, कंसात नव्हे, सरळ ठळक अक्षरांत ‘पेन्सिल’ असे लिहिले.