लायब्ररीत मुलं नक्की काय शिकली ते कसं तपासलं, माझा अनुभव

आमच्या इंदूरच्या शाळेत लायब्ररीचा वार्षिक रिपोर्ट म्हणजे किती पुस्तकं इश्यू झाली, किती नवीन आली, किती हरवली, एवढंच असायचं. यंदा प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, मुलं शिकली काय ते सांगा. मला हा प्रश्न मनापासून आवडला, कारण पुस्तक घरी नेऊन न उघडताच परत आणणारं मूलसुद्धा इश्यू रजिस्टरमध्ये वाचकच ठरतं.

परीक्षा घ्यायची नाही हे मी आधीच ठरवलं. एक तर मुलं लायब्ररीला धसकतात, आणि ड्यूईमध्ये, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना नंबर द्यायच्या पद्धतीत, ५०० म्हणजे विज्ञान, ९०० म्हणजे इतिहास-भूगोल हे घडाघडा सांगणारं मूल प्रत्यक्ष कपाटासमोर अडकतं हे रोज बघतेच मी.

एसएसटीच्या, म्हणजे समाजशास्त्राच्या मॅडम मराठीच आहेत, आमचं सगळं मराठीतच चालतं. त्या आठवीला अहिल्याबाईंवर प्रोजेक्ट देणार होत्या. म्हणाल्या, ताई, सगळे एकाच साइटवरून उतरवून आणतात, फाइल बघून काही कळतच नाही हो. मग दोघींनी बसून रूब्रिक, म्हणजे काय काय तपासायचं त्याचा तक्ता केला, मजकूर त्यांनी तपासायचा आणि शोध मी. म्हणजे प्रश्न स्वतः तयार केला का, निदान दोन वेगळ्या ठिकाणी बघितलं का, दोन्हीकडे वेगवेगळं असेल तर काय केलं, माहिती कुठून घेतली ते लिहिलं का. हे मुलांच्या हातात प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीच दिलं, ते फार गरजेचं आहे. सोबत प्रत्येकाला शोध-डायरी, कुठला शब्द शोधला, काय मिळालं, काय सोडलं आणि का.

खरं काम त्या डायरीनंच केलं. एका मुलानं लिहिलं होतं की अहिल्याबाई इंदूरच्या राजवाड्यातून राज्य करायच्या, आणि पुस्तकात मिळालं महेश्वर. आला माझ्याकडे, "मॅम, अब कौन सा सही?" मी उत्तर दिलं नाही, पुस्तकाच्या मागची सूची, कुठला शब्द कुठल्या पानावर ते सांगणारी, उघडून दिली. त्यानं महेश्वरची पानं काढली, १७६७ मध्ये कारभार हाती आल्यावर त्यांनी राजधानी महेश्वरला नेली हे वाचलं, मग विश्वकोशात ताडून बघितलं, आणि डायरीत लिहिलं की राजवाडा इंदूरला आहे म्हणून मला तसं वाटलं होतं. त्याच्या फाइलमध्ये याची एकच ओळ आली, राजधानी महेश्वर. नुसती फाइल बघितली असती तर त्याच्यात आणि कॉपी करणाऱ्यात काय फरक दिसला असता सांगा!

पिरियड संपताना एक चिठ्ठी घ्यायचे, आज काय सापडलं, कुठे अडलं. नाव घातलं नाही तरी चालेल. चिठ्ठ्यांचे गठ्ठे केले की लगेच कळतं, बऱ्याच जणांना सूची वापरताच येत नव्हती, म्हणून पुढचा पिरियड फक्त सूचीवर घेतला. आणि मधेच विचारायचे, आत्ता कसं वाटतंय? ग्रंथालयशास्त्राच्या अमेरिकन अभ्यासक कॅरल कुलथाऊ यांनी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांवर अभ्यास करून दाखवलंय की शोधाच्या मधल्या टप्प्यात गोंधळ वाढतो, आत्मविश्वास खाली जातो, आणि विषय नेमका झाला की परत वर येतो. त्यामुळे मधेच रडकुंडीला आलेलं मूल कच्चं समजायचं नाही, नेमकी तेव्हाच जवळ जाऊन मदत करायची.

छोट्या वर्गांचं सोपं ठेवलं, ती लिहिणार काय! नुसतं बघायचं, गोष्टीचं पुस्तक आणि माहितीचं पुस्तक वेगळं ओळखतात का, आपलं आपण शोधतात का, आणि तारीख घालून वहीत टिपायचं.

रिपोर्टमध्ये आकडे होतेच, पण सोबत काही मुलांच्या डायरीचं पहिलं आणि शेवटचं पान शेजारी शेजारी लावलं, नावं झाकून. प्रिन्सिपल मॅडमनी ती पानं पूर्ण वाचली. आता पुढचा प्रोजेक्ट नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये इंदूरला कसं आलं यावर आहे, तिथे पुस्तकांपेक्षा पेपरची जुनी कात्रणं आणि घरातले आजी-आजोबाच जास्त कामाचे, म्हणून रूब्रिकमध्ये एक ओळ वाढवतोय, आजीनं सांगितलेलं कशाशी ताडून बघितलं?