जोरात पिकअप घेतला की खालून 'ठक्क'

गाडी जुनी, मोठी सेडान, मागची चाकं ओढणारी. हळू चालवली तर एकदम गप्प, पण ओव्हरटेकला पाय दाबला की खालून ठक्क, आणि पाय सोडला की परत एक बारीक ठक्क. हे दोन्हीकडचं ठक्क महत्त्वाचं, कारण याचा अर्थ टॉर्कची (इंजिनच्या फिरवणाऱ्या जोराची) दिशा बदलली की काहीतरी सैल असलेलं इकडून तिकडे आपटतंय, म्हणून सस्पेन्शनवर संशय घ्यायच्या आधी मी इंजिन माउंट (इंजिनला गाडीशी धरून ठेवणारे रबरी आधार) बघायचे ठरवले.

बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, आत बसणाऱ्याचा पाय ब्रेकवर घट्ट, मी बाजूला उभा (गाडीसमोर कधीच उभं राहू नका), मग ऑटोमॅटिक गिअर डी (पुढे), मग आर (मागे), किंचित रेस. इंजिन थोडं हलणारच, पण ते टुणकन उडालं तर माउंट गेला. या गाड्यांत बरेचदा आत तेल भरलेले माउंट असतात, फुटले की खाली काळा ओघळ दिसतो. माझे कोरडे होते.

मग गाडी उचलून जॅक स्टँडवर. प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या लांब दांड्याच्या) पुढचा रबर कपलिंग ठीक, मधला बेअरिंगही ठीक, पण डिफरन्शियलखाली (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याखाली) पहार घालून जरा उचकटलं तर अख्खं डिफ वर आलं आणि त्याला धरणाऱ्या बुशच्या (बोल्टभोवतीच्या रबरी नळीच्या) रबरात बोल्टभोवती अर्धगोल चीर उघडली, सोडलं की ठक्क. तोच आवाज!

नवा बुश प्रेसने (दाबून बसवणाऱ्या यंत्राने) बसवावा लागतो, हातोडीने नको.