मातेरं

पाखरांना दाणे घालायचे तर आधी केरसुणी घ्यावी, मग फीडर. मी उलट केलं.

तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला तोच मुळी पुढच्या दहा फुटांच्या बागेपायी. बाग म्हणजे एक जास्वंद, एक कढीपत्ता, गणपतीपुरती उपयोगी पडणारी दूर्वा आणि भिंतीलगत रांगेत कुंड्या. दोन वर्षांपूर्वी २० मार्चला, जागतिक चिमणी दिनाच्या दिवशी, उत्साहाच्या भरात लाकडी कौलारू छपराचा एक फीडर आणून कढीपत्त्याला टांगला. हा दिवस २०१० पासून जगभर साजरा होतो आणि त्यामागचा माणूस, मोहम्मद दिलावर, आपल्या नाशिकचा, एवढं ज्ञान मी त्या दिवशी घरात सगळ्यांना वाटलं. आईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिमण्यांना कळवलंस का?"

चिमण्यांना आठवडाभरात कळलं. मागोमाग ठिपकेवाल्या मुनियाही आल्या. विकत आणलेल्या पाकिटात बाजरी, राळा, ज्वारी, भरडलेला मका आणि सूर्यफुलाच्या बिया असं कडबोळं होतं. माणसाला वाटतं, पंगतीत पाच पदार्थ असले की पाहुणा खूश. चिमणी मात्र ताटात बसून निवडणारी. फीडरच्या कडेवर बसायची, चोच दाण्यांत खुपसायची आणि मान डावीकडे-उजवीकडे झटकत नको ते सगळं बाहेर उडवायची. हवी बाजरी, त्यापायी मका, सूर्यफूल सगळं जमिनीवर. भाजीवाल्याच्या टोपलीत हात घालून तळातली कोवळी भेंडी शोधणाऱ्या गिऱ्हाइकासारखं.

मुनियेची तऱ्हा वेगळी. ती शांत बसते, दाणा चोचीत घोळवते, आणि चोचीच्या कडेनं पापुद्र्यासारखं टरफल बाहेर येतं. दाणा आत, टरफल खाली. त्यामुळे खाली जे साठतं ते सगळं धान्य नसतं, बराचसा कोंडाच असतो. हे मला कळायला महिना गेला. तोवर "किती सांडतात गं" म्हणून मी पाखरांच्या नावानं बोटं मोडत होतो.

"मातेरं झालंय नुसतं," आई म्हणाली. हा शब्द आपण आता फक्त आयुष्याचं किंवा कष्टांचं मातेरं झालं म्हणायला वापरतो. आई शिरूरकडची, बाजरीच्या मुलखातली. तिच्या लेखी मातेरं म्हणजे खळ्यावर रास उचलून झाल्यावर मातीत मिसळून राहिलेलं धान्य. ते झाडून, पाखडून, निवडून घ्यायचं. तसंच टाकायचं नाही.

मी टाकलं. मग एकेक गिऱ्हाईक लागलं. आधी मुंग्या. मग होला आला, त्याचं मला कौतुकच वाटलं. तो बिचारा फीडरवर बसायच्या भानगडीत पडत नाही, खाली पडलेलं टिपत तुरुतुरु फिरतो. होल्यापाठोपाठ पारवे आले आणि कौतुक संपलं. दोनाचे बारा झाले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून नुसतं माझ्याकडे पाहिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला आणि त्यावरून थेट हायकोर्टापर्यंत केवढं रण माजलं, ते टीव्हीवर आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. काकूंच्या त्या एका नजरेत अख्खं हायकोर्ट होतं.

पारव्यांपाठोपाठ रात्रपाळीचे आले. जास्वंदीच्या बुंध्याशी एक दिवस वाटीएवढं बीळ आणि बाहेर उकरलेल्या मातीचा ढीग. घूस. चिमणी दिनाचं निमंत्रण तिलाही पोचलं होतं तर.

मग पहिला उपाय: फीडरखाली जुनी परात टांगली. सांडलेलं तीत पडेल, संध्याकाळी उचलू. परातीचं रूपांतर दोन दिवसांत पारव्यांच्या दुसऱ्या पंगतीत झालं. वर वळवाची एक सर आली आणि परातीत आंबलेल्या आंबिलासारखं काहीतरी तयार झालं. भिजलेल्या दाण्यावर बुरशी फार लवकर धरते आणि बुरशीचा दाणा पाखरांना बाधतो. म्हणजे पुण्य करायला जाऊन मी विषाची परात टांगून ठेवली होती. दूर्वाही फीडरखाली तेवढी वर्तुळात पिवळी पडली. खापर मी उन्हावर फोडलं. पण सूर्यफुलाच्या टरफलांत आसपासच्या रोपांची वाढ खुंटवणारी द्रव्यं असतात, असं नंतर वाचनात आलं. उन्हाची मनातल्या मनात माफी मागितली.

शेवटी जमलं ते अगदी साधं. कडबोळं बंद, फक्त बाजरी. निवडायलाच काही नसलं की उधळणंही कमी होतं. सकाळी मोजून एक फुलपात्रभर, दुपारपर्यंत संपेल एवढंच. फीडर मातीवरून हलवून शहाबादी फरशीवर घेतला, म्हणजे झाडता येतं. दिवेलागणीला केरसुणी फिरवायची आणि फीडर आत. घूस चार-सहा रात्री येऊन गेली असावी, मग तिनं दुसरं घर पाहिलं. पारवे अजून येतात, पण दोनच, आणि फरशी पाहून थोडं रेंगाळून जातात.

झाडलेलं आई सुपात घेते. सूप हातात आलं की तिचं वय वीस वर्षांनी उतरतं. दोन झटके, कोंडा पुढे उडतो. कोरडा दाणा मागे राहतो, तो परत फीडरमध्ये. कोंडा कंपोस्टच्या ड्रमात. "फुलपात्राला अर्धी मूठ परत आली," असा हिशेब ती रोज सांगते. मी विचारत नाही, तरी सांगते.

गेल्या पावसाळ्यात मात्र तिच्या सुपातूनही काही दाणे निसटले. जूनच्या पहिल्या पावसानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुलाबाच्या कुंडीत गवतासारखी पाती वर आली. मी उपटायला गेलो. "राहू दे, बाजरी आहे ती," आई म्हणाली. गुलाबाची हेळसांड करून ती बाजरी माझ्या छातीएवढी झाली. ऑगस्टमध्ये कणसं निसवली, तीन. त्यांच्यावर पिवळसर फुलोरा धरला, मग हिरवट दाणे भरू लागले. सोसायटीतली पोरं येऊन बघून गेली. एकानं विचारलं, हे कॉर्न आहे का.

बाजरी दाण्यात आली की शेतात राखण बसते. आईनं लहानपणी भादव्यात माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, बसून ती केली आहे: हाताशी पत्र्याचा डबा, थोरल्या भावाकडे गोफण, आणि दिवसभर आरोळ्या. शाळा बुडायची. पाखरांचा थवा एकदा बसला की कणीस बघता बघता रिकामं, म्हणते. केसाळ कणसांच्या बाजरीला पाखरं जरा कमी त्रास देतात, म्हणून बांधाकडेला तीच पेरायचे.

तर सप्टेंबरातली एक सकाळ. आम्ही चहा घेत पायरीवर बसलो होतो. एक मुनिया फीडर सोडून थेट कुंडीतल्या कणसावर उतरली. धाट तिच्या वजनानं हळूच वाकलं, ती उलटी लोंबकळत कणसाला चोच लावायला लागली. मागून आणखी तीन. मी मोबाइल काढेपर्यंत माझ्या कानाशी आवाज झाला, "हाऽऽऽ हाऽऽ!" आणि दोन्ही हातांची खणखणीत टाळी.

फुर्रकन सगळ्या उडाल्या. कणीस नुसतं हलत राहिलं.

आई टाळीचे हात तसेच धरून बसली होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. जरा वेळानं उठली, पदर खोचला, फरशीवरचे आदल्या दिवशीचे चार दाणे वेचून कुंडीच्या काठावर ठेवले आणि कढीपत्त्याकडे बघत म्हणाली, "या गं बायांनो, या. चुकून झालं."